‘शब्द पाठ करा, उतारा सोडा’ हा सल्ला मुलांचे गुण घालवतो

बँकेच्या भरतीच्या जाहिराती आल्या की एक संदेश व्हॉट्सॲपवर फिरायला लागतो. यंदा काळाचौकीच्या आमच्या अभ्यासिकेतल्या चार मुलांनी तो मला एकाच दिवशी पाठवला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: इंग्रजीच्या पेपरसाठी तीन हजार शब्दांची यादी पाठ करा. उतारा वेळ खातो, तो सोडा. सोडवायचाच तर आधी प्रश्न वाचा आणि उताऱ्यात फक्त उत्तर शोधा. इंग्रजी पास होण्यापुरतंच लागतं, आणि मराठी माध्यमवाल्यांना त्याहून जास्त जमतही नाही. संध्याकाळी मुलांच्या सराव चाचण्या तपासताना यातलं प्रत्येक वाक्य मला कुणाच्या तरी चुकलेल्या उत्तरात दिसतं, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘यादी पाठ केली की शब्दांचं काम झालं.’

यादीत ‘सँक्शन’पुढे ‘मंजुरी’ लिहिलेलं असतं. लोन सँक्शन झालं, हे तर आपण घरातही बोलतो. पण एका देशाने दुसऱ्यावर ‘सँक्शन्स’ लादली असं उताऱ्यात आलं, तर तिथे अर्थ निर्बंध. ‘ओव्हरसाइट’ म्हणजे देखरेख आणि नजरचूकसुद्धा. उताऱ्याखाली विचारतात तो शब्दाचा त्या ओळीतला अर्थ, आणि पर्यायांत यादीतला अर्थही बसलेला असतो. पाठांतर करणारा मुलगा नेमका तोच निवडतो.

गाळलेल्या जागांच्या उताऱ्यात, म्हणजे क्लोज टेस्टमध्ये, यादी आणखी तोकडी पडते. मराठीत पाऊस मुसळधार, ऊन रणरणतं आणि अंधार मिट्ट. ‘मिट्ट ऊन’ कुणी म्हणत नाही, आणि हे आपल्याला कुणी पाठ करायला लावलं नव्हतं. ऐकून, वाचून ते कानात बसलं. इंग्रजीत पाऊस ‘हेवी’ असतो, ‘स्ट्राँग’ नसतो. अशा जोड्या वाक्यातच भेटतात. म्हणून माझ्या मुलांच्या वहीत शब्दापुढे अर्थाच्या आधी, तो जिथे सापडला ते आख्खं वाक्य असतं.

यादीचा उपयोग कुठेच नाही, असं मी म्हणणार नाही. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठीच्या स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षांत वाक्प्रचार आणि एका शब्दात सांगायचे प्रश्न थेट येतात, जुन्या प्रश्नपत्रिकांमधले शब्द पुन्हा दिसतात. तिथेही शब्द फोडून बघा. मॅलन्यूट्रिशन म्हणजे कुपोषण. इथला ‘मॅल’ म्हणजे आपला ‘कु’. तो कळला की मॅलफंक्शन, मॅलप्रॅक्टिस हे शब्द परके राहत नाहीत.

‘उतारा वेळ खातो.’

हिशेब करू. बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या पीओ, म्हणजे अधिकारी पदाच्या, पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे ३० प्रश्न आणि २० मिनिटं. उतारा ४०० शब्दांचा आणि त्यावर आठ प्रश्न धरा. मिनिटाला १५० शब्द हा वेग सरावाने येतो. म्हणजे वाचायला तीन मिनिटांहून कमी, आणि प्रत्येक प्रश्नाला अर्धा मिनिट धरलं तर उत्तरांना चार. सात मिनिटांच्या आत आठ प्रश्न झाले, उरलेल्या २२ प्रश्नांना १३ मिनिटं राहिली. उतारा सोडणारा मात्र २२ प्रश्नांवरच इंग्रजी विभागाचा कटऑफ, म्हणजे किमान गुण, गाठायला निघतो, आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तराला पाव गुण कापला जातो.

‘आधी प्रश्न वाचा, मग नुसतं उत्तर शोधा.’

साल, आकडा, नाव विचारलं असेल तर ही युक्ती चालते. लेखकाचं म्हणणं विचारलं की फसते. मी मुलांना मुद्दाम मराठीत एक छोटा उतारा देते:

‘बारा डब्यांच्या गाड्या आणूनही लोकलची गर्दी हटली नाही, असे म्हणतात. पण नऊ डब्यांत कोंबले जाणारे लोक आता बारा डब्यांत विभागले जातात, हे विसरता कामा नये. खरी अडचण कार्यालयांच्या वेळांची आहे. सगळे शहर एकाच वेळी एकाच दिशेला धावते.’

प्रश्न: लेखकाचं मत काय? बरीच मुलं ‘डबे वाढवून उपयोग झाला नाही’ हा पर्याय निवडतात, कारण पहिल्या ओळीत ते शब्द दिसतात. काही जण ‘लोकलला खूप गर्दी असते’ निवडतात. ते खरंच आहे, रोज करी रोडला चढणाऱ्याला ते कुणी सांगायला नको, पण लेखकाचा मुद्दा तो नाही. ‘असे म्हणतात’ आणि त्यानंतरचा ‘पण’ ज्याने वाचला, त्यालाच उत्तर मिळतं. इंग्रजीतले ‘हाउएव्हर’ आणि ‘यट’ हेच काम करतात.

‘इंग्रजी पास होण्यापुरतंच.’

यूपीएससी मुख्य परीक्षेतला ३०० गुणांचा इंग्रजीचा पेपर खरोखर पात्रतेपुरता आहे, २५ टक्के पुरतात. ते मिळाले नाहीत तर गुणवत्तेचे पेपर धरलेच जात नाहीत. आणि एसएससी सीजीएलच्या, म्हणजे स्टाफ सिलेक्शनच्या पदवीधरांसाठीच्या परीक्षेच्या, दुसऱ्या टप्प्यात गुणवत्तेसाठी धरल्या जाणाऱ्या ३९० गुणांपैकी १३५ इंग्रजीचे असतात.

‘मराठी माध्यमवाल्यांना जमत नाही.’

याचा मला सगळ्यात राग येतो. हे वाक्य वाचून चांगली मुलं वही मिटतात. २००० सालापासून महाराष्ट्रात सगळ्याच शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. या मुलांनी ही भाषा दहा-बारा वर्षं पाहिली आहे. पण धड्याखालची उत्तरं गाइडमधून पाठ केली, त्यामुळे कधी न पाहिलेलं पान एकट्याने वाचायची सवय लागली नाही. वरचा लोकलचा उतारा मराठीत होता, तरी चुका झाल्याच. म्हणजे अडतं ते वाचनापाशी, आणि वाचन मातृभाषेत सगळ्यात लवकर सुधारतं.

म्हणून नवीन मुलाला मी पहिला महिना रोज एक मराठी अग्रलेख वाचायला लावते आणि लेखक काय म्हणतो ते एका वाक्यात लिहून घेते. सोबत बालभारतीचं सहावीचं इंग्रजी पुस्तक. पदवी झालेल्या मुलांना ते हातात घ्यायला लाज वाटते. मी त्यांच्या शेजारी बसून पहिला धडा मोठ्याने वाचते, मग ते वाचतात.