चुकायची ऐपत

सकाळपासून तीन ग्रुपवर एकच रील आली. कोटातला एक माणूस, मागे लाल गाडी. म्हणतो, एकाच गावात, एकाच मातीत दोन शेतकरी असतात, एकाचा बंगला उभा राहतो आणि दुसऱ्याचं पत्र्याचं घर गळत राहतं, फरक फक्त निर्णयांचा. खाली टाळ्यांची रांग. त्यात दोन कृषी पदवीधरही दिसले, म्हणून हे लिहायला बसलो.

एकाच गावातले दोन शेतकरी हवेत ना? घ्या. निफाड तालुका, दोन चुलतभाऊ, मधे एक बांध. दोघांचा दोन-दोन एकर उन्हाळ कांदा, म्हणजे उन्हाळ्यात निघणारा, साठवता येणारा. नावं लिहीत नाही. थोरला आणि धाकटा म्हणू.

२०२२ च्या नोव्हेंबरात दोघांनी रोपांसाठी एकाच घरचं फुरसुंगी जातीचं उळं, म्हणजे कांद्याचं बी, टाकलं, एकरी साडेतीन किलो. पन्नास दिवसांची रोपं झाल्यावर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात लागवड. दोन ओळींत १५ सेंटिमीटर, दोन रोपांत १०. विहिरीचं पाणी सामाईक. एकरी खर्च मजुरीसकट सत्तर-पंचाहत्तर हजार. रीलवाल्याला दाखवायला याहून सारखी जोडी मिळणार नाही.

त्या हंगामात थोरल्याचा कांदा २०२३ च्या मेमध्ये साडेसहाशे रुपये क्विंटलनं गेला. धाकट्याचा ऑक्टोबरअखेर चार हजारानं.

झालं! धाकटा हुशार, त्यानं साठवायचा "निर्णय घेतला".

आता चाळीची, म्हणजे कांदा साठवतात त्या हवेशीर बांधणीची, गोष्ट ऐका. त्याच्या दीड वर्ष आधी दोघांनी एकाच केंद्रात, एकाच दुपारी सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर कांदाचाळीचे अर्ज भरले होते. तेव्हा निवड सोडतीनं व्हायची. हो, लॉटरी, सरकारी भाषेतही हाच शब्द होता. धाकट्याचं नाव निघालं, थोरल्याचं नाही. २५ टनांची चाळ, टनाला साडेतीन हजार म्हणजे ८७,५०० रुपये अनुदान. तेही आधी स्वतःच्या खिशातून बांधा, मोजमाप होऊ द्या, मग खात्यात. तोवरचे पैसे धाकट्याच्या सासऱ्यांनी हातउसने दिले. सासरा निवडणं हाही आर्थिक नियोजनाचा भाग असेल, तर माझं म्हणणं मागे घेतो.

ज्यांना चाळ म्हणजे शेड वाटते त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. कांदा काढल्यावरही जिवंत असतो, श्वास घेतो, उष्णता आणि ओल सोडतो. ती बाहेर पडायला खालून वारा लागतो. म्हणून चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, फळ्यांमध्ये फटी. पाखीची, म्हणजे कांदा भरायच्या एका ओळीची, रुंदी चार फूट, कांद्याची थप्पी चार ते पाच फूट, त्यापुढे नाही. लोभापायी सहा-सात फूट भरला की खालचा कांदा दबतो, मधे वाफ धरते आणि महिनाभरात वास सुटतो. दोन पाखी चाळ पूर्व-पश्चिम बांधायची. इतकं सगळं बरोबर केलं तरी पाच-सहा महिन्यांत शंभरातले पंचवीस-तीस क्विंटल जातात. काही सडून, काही कोंब येऊन, बाकी नुसतं वजन सुकून. ताडपत्रीखालच्या ढिगात हाच आकडा चाळीस-पन्नासवर जातो. तेव्हा "थोरल्यानं पण थांबायचं होतं" म्हणणाऱ्यांनी कुठे थांबायचं होतं तेही सांगावं. ओसरीत?

आणि चाळ असती तरी त्या वर्षी त्याचा कांदा चाळीत भरण्यालायक उरला नव्हता.

काढणीला टोळी एकच होती. आधी धाकट्याच्या रानात लागली, कारण त्याचं रान रस्त्याला लागून, ट्रॅक्टर आधी तिथे पोचतो. थोरल्याकडे ती चार दिवसांनी आली. अर्ध्या माना (पात कांद्याला जुळते तो भाग) पडल्या की कांदा उपटायचा, तीन-चार दिवस पातीसकट रानातच असा पसरायचा की एका ओळीची पात मागच्या ओळीच्या कांद्यावर पडेल, मग इंचभर मान ठेवून पात कापायची आणि दहा-बारा दिवस सावलीत सुकवायचा. मान बंद होणं हे यातलं खरं काम. मान उघडी राहिली की तिथूनच बुरशी आत जाते. धाकट्याचा कांदा सावलीत गेला होता. थोरल्याचा पातीसकट रानात पसरलेला होता, तेव्हा एप्रिलअखेरची अवकाळी आली. भिजलेला कांदा वाळवला की वरून चांगला दिसतो, पण मानेत ओल राहते. असा कांदा चाळीत भरणं म्हणजे शेजारच्या कांद्यालाही घेऊन बसणं.

मग बाजार. लिलावात बोली लागली आठशेची. व्यापाऱ्याच्या खळ्यावर ट्रॉली रिकामी केली, खालून ओलसर माल निघाला, त्यानं वांधा काढला आणि भाव साडेसहाशेवर तोडला. व्यापाऱ्याला शिव्या देता येतील, पण माल ओला होता हे खरं. परत न्यायचा तर भाडं अंगावर, म्हणून माणूस मान डोलावतो. सडका वेचून १८० क्विंटल राहिला, हातात एक लाख सतरा हजार, त्यातून हमाली-तोलाई वजा. खर्च दीड लाखाच्या घरात. पलीकडे धाकट्याचे दोनशेचे एकशेचाळीस क्विंटल झाले आणि साडेपाच लाख आले.

त्याच साली सरकारनं क्विंटलला ३५० रुपये अनुदानही दिलं, कमाल २०० क्विंटलपर्यंत. ते १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ मध्ये विकलेल्या लाल कांद्याला. थोरल्याचा उन्हाळ, त्यात विकला मेमध्ये. शून्य.

(त्याच फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला पाचशे किलोच्या वर कांदा विकून दोन रुपयांचा धनादेश मिळाला होता, आठवतंय? त्याच्या निर्णयप्रक्रियेवर रील काढा एखादी.)

असो. चिडून लिहितोय, कळतंय मला. एक गोष्ट कबूल करतो, नाहीतर कमेंटमध्ये कोणीतरी काढणारच. थोरल्यानं पंच्याहत्तराव्या दिवशी, पीक पिवळं दिसतं म्हणून युरिया फेकला होता. नत्र लागवडीनंतर पन्नास-साठ दिवसांत संपवायचं असतं. उशिरा दिलं की पात पुन्हा वाढायला लागते, मान जाड राहते, टिकवण जाते. ती चूक त्याचीच. पाणीही काढणीआधी दहा-पंधरा दिवस तोडायला हवं होतं, त्यानं आठच दिवस तोडलं. पण हाच युरिया धाकट्यानंही आदल्या साली फेकला होता! त्या साली अवकाळी आली नाही, म्हणून ती चूक कोणाच्या लक्षातही नाही.

तरीही धाकट्याला नशीबवान म्हणून मोकळा होत नाही मी. पावसाळाभर दर पंधरा दिवसांनी चाळीत आडवा शिरून, काजळी (काळी बुरशी) आलेला, पाणी सुटलेला कांदा पाटीनं बाहेर काढणं हे काम मी म्हणतो त्या कोटवाल्यानं एकदा करून बघावं. वासानं डोकं भणभणतं. ते केलं नसतं तर एकशेचाळीसचे शंभरही राहिले नसते. कष्ट त्याचेच आहेत. फक्त ते कष्ट करायला चाळ होती.

पुढचं रीलमध्ये कधी येत नाही. चाळीतल्या मालाच्या भरवशावर धाकट्यानं त्याच पावसाळ्यात तीन एकर खंडानं घेऊन लाल आणि त्यामागून निघणारा रांगडा कांदा केला होता. "विस्तार" म्हणतात ना, तो. २६ नोव्हेंबर २०२३ ला गारपीट झाली, पात चिरली, मागून करपा रोग आला. जे वाचलं ते बाजारात न्यायच्या तोंडावर ८ डिसेंबरला निर्यातबंदी, आणि भाव काही दिवसांतच निम्म्यावर आला. बंदी उठली ४ मे २०२४ ला, तेही ४० टक्के शुल्क ठेवून. तोवर रांगडा संपलेला होता. गेले पैसे.

पण बघा, धाकटा बुडाला नाही. चाळ जागेवर होती, सासऱ्यांचे पैसे फिटले होते, २०२४ चा उन्हाळ त्यानं परत साठवला आणि पावसाळा सरताना चांगल्या भावात विकला. त्याला चुकायची ऐपत होती. थोरल्याला एकदाच चुकता आलं. मेमधल्या तोट्यानं गावच्या सहकारी सोसायटीचं पीककर्ज थकलं, थकल्यामुळे व्याजाची सवलत गेली, नवं कर्ज मिळेना, म्हणून खत-औषध दुकानदाराकडून उधारीवर. उधारीचा दर रोखीपेक्षा जास्त, आणि उधारी फेडायची बोली कांदा निघाल्यावर. म्हणजे पुढच्या वर्षीही कांदा मेमध्येच विकायचा हे जानेवारीतच ठरलेलं. २०२४ ला भाव वाढताना तो बांधावरून बघत होता. हा त्याचा निर्णय होता का? सही त्याचीच आहे म्हणा.

आणि आता ऐका २०२५ चं. धाकट्यानं तेच केलं, तीच चाळ, तीच थप्पी, तीच पंधरवड्याची निवड. सप्टेंबर-ऑक्टोबरला लासलगावच्या कांदाबाजारात भाव हजाराच्या आसपास लोळत होता, उन्हाळ्यात होता त्याहून खाली. वर तीस टक्के घट. थोरल्यानं नेहमीसारखा नाइलाजानं मेमध्ये विकला आणि त्या वर्षी क्विंटलमागे तोच पुढे राहिला. गावात कोणी त्याला दूरदृष्टीचा म्हटलं नाही. तोही म्हणाला नाही. दिवाळीच्या सुमाराला दोघंही त्या चाळीतला कोंबाचा कांदा उकिरड्यावर ओढत होते, बोलत काही नव्हते.

बंगला धाकट्याचा अजून झालेला नाही, पत्रा थोरल्याचा अजून गळतो. तुम्ही सगळे शेतकऱ्यांचीच पोरं आहात, तुम्हाला हे नवीन नाही. म्हणून तर त्या टाळ्या बघून वाईट वाटलं.

आता पुन्हा माना पडायला लागल्या आहेत. "मेहनत आणि योग्य निर्णय" लिहायला येणाऱ्यांनी एवढंच लिहावं, या वर्षी मेमध्ये विकायचा की चाळीत भरायचा? आज लिहा, तारीख घालून. नोव्हेंबरात भाव बघून नको.