सगळी क्राइम ब्रँच रस्त्यावर उतरवली, तर तपास कोण करणार?

नोव्हेंबर जवळ आला की २६/११चे मेसेज फिरायला लागतात. यंदाचा मामांकडून आला, खाली ‘शांतपणे वाच’ अशी सूचना. वाचला. शांतपणा काही जमला नाही. त्यातले दावे थोडक्यात असे: हल्ला झाला की क्राइम ब्रँचच्या एकूण एक माणसाला बंदूक देऊन रस्त्यावर उतरवावं, तपास काय नंतरही होतो. कसाब जिवंत सापडला, त्याने सगळं कबूल केलं, मग पंचनामे आणि जबाब लिहायला एवढे अधिकारी गुंतवणं म्हणजे कागद रंगवणं. खरा तपास तर केंद्राच्या एनआयएने आणि अमेरिकेच्या एफबीआयने केला. आणि पुढच्या वेळी लोकांनीच घटनास्थळी धाव घेऊन शूटिंग करावं, पडलेल्या वस्तू ताब्यात घ्याव्यात.

एनआयएचं आधी उरकतो, कारण त्यात काही दमच नाही. ज्या कायद्याने एनआयए स्थापन झाली, त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली ३१ डिसेंबर २००८ला. हल्ला त्याच्या महिनाभर आधीचा. कसाबचा खटला उभा केला मुंबईच्या क्राइम ब्रँचने, म्हणजे डीसीबी सीआयडीने, आणि मुख्य तपास अधिकारी होते रमेश महाले. एफबीआयने जीपीएस आणि इंटरनेटवरून आलेल्या कॉलचा माग काढायला मदत केली, त्यांची माणसं साक्षीलाही आली. ते मान्य. पण मदत करणारा म्हणजे तपास अधिकारी नव्हे.

आता ‘कबूल केलं होतंच’ हे रत्न. मामा, पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. ब्रिटिशांच्या काळापासून हाच नियम आहे, नव्या कायद्यातही तो तसाच आला. म्हणून फेब्रुवारी २००९मध्ये कसाबचा जबाब दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवून घेतला. मे महिन्यात तोच कोर्टात म्हणाला, गुन्हा मान्य नाही. २० जुलैला उठून म्हणाला, मान्य आहे. डिसेंबरमध्ये पुन्हा फिरला, मी तो नव्हेच! अशा माणसाच्या तोंडावर विसंबून फाशीपर्यंत जाणारा खटला चालवायचा? न्यायाधीश ताहिलियानींनी जुलैतल्या कबुलीनंतरही खटला थांबवला नाही, कारण त्या कबुलीत सगळे आरोप मान्य केलेले नव्हते. साडेसहाशेच्या आसपास साक्षीदार तपासले गेले. हल्लेखोरांनी पळवलेल्या ‘कुबेर’ बोटीवर सापडलेलं सामान, रबरी होडीचं यामाहा इंजिन, हल्लेखोर आणि त्यांच्या सूत्रधारांमधले टिपलेले कॉल, डीएनए, हे सगळं कोणीतरी जप्त केलं, सील केलं, लॅबला पाठवलं आणि पुढे कोर्टात उभं राहून सांगितलं. तेच ते कागद रंगवणारे.

रंगवण्यात चूक झाली की काय होतं, तेही याच खटल्यात दिसलं. फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद हे दोन भारतीय आरोपी सुटले, सुप्रीम कोर्टापर्यंत सुटलेच. त्यांच्याविरुद्धचा मोठा पुरावा होता कसाबचा साथीदार अबू इस्माईल याच्या खिशात मिळाल्याचा सांगितलेला नकाशा. विजार रक्ताने भिजलेली, नकाशा मात्र स्वच्छ. कोर्टाला ते पटलं नाही. तपास निर्दोष होता असं मी म्हणतच नाहीये. एका जप्तीने केवढं बिघडतं, एवढंच दाखवतोय.

आणि तपास ‘नंतर’ होत नाही. ताज आणि ओबेरॉयमध्ये गोळीबार चालू असताना त्याच रात्री नायर रुग्णालयात कसाबची पहिली चौकशी झाली. सीएसटीवरचे कितीतरी जखमी बाहेरगावचे प्रवासी, त्यांचा जबाब आणि पत्ता ते गावी निघून जायच्या आत हवा. प्रत्येक मृतदेहाचा इन्क्वेस्ट पंचनामा, म्हणजे मृत्यू कसा झाला याची नोंद, वेगळा. गुन्हे वेगवेगळ्या पोलीस ठाण्यांत नोंदलेले, ते एका तपासाखाली आणायचे. एवढ्या गंभीर गुन्ह्यात साधारण ९० दिवसांत आरोपपत्र गेलं नाही, तर मुदतवाढ मागत फिरावं लागतं. इथे ते २५ फेब्रुवारी २००९ला दाखल झालं, अकरा हजारांवर पानांचं. लग्नात सगळेच वाढायला उभे राहिले तर मुदपाकखान्यात कोण?

बरं, एक अर्धसत्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. त्या रात्री कोणी कुठे असायचं याचा घोळ झाला होता. पोलिसांच्या त्या रात्रीच्या कामाची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीने, ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही असा ठपका ठेवलाच. आणि क्राइम ब्रँचची माणसं रस्त्यावरही होती, विजय साळसकर तिथलेच. १९९३च्या स्फोटांचा तपास तर राकेश मारियांकडे गेला, तेव्हा ते वाहतूक शाखेचे उपायुक्त होते. म्हणजे गरजेला माणसं इकडची तिकडे करावी लागतात. पण मेसेज मागतो ते उलटं: तपासाची माणसं काढून बंदोबस्ताला लावा. अहो, ते तर बारा महिने चालूच आहे. गणपती, मोर्चा, मंत्र्यांचा दौरा, काहीही आलं की पोलीस ठाण्यातले डिटेक्शनवाले, म्हणजे गुन्हे उकलणारे, बंदोबस्ताला, आणि केस डायऱ्या कपाटात.

सुप्रीम कोर्टाने २२ सप्टेंबर २००६ला पोलीस सुधारणांबद्दलच्या प्रकाश सिंग खटल्यात नेमकं यावरच बोट ठेवलं होतं. तपास करणारे पोलीस आणि कायदा-सुव्यवस्था सांभाळणारे पोलीस वेगळे करा, सुरुवात दहा लाखांवर वस्ती असलेल्या शहरांपासून करा, मात्र दोघांत पूर्ण समन्वय राहू द्या. २६/११च्या दोन वर्षं आधीचा आदेश. बदलून मागायचंच असेल तर तो नीट अमलात आणा म्हणून मागा.

राहिलं लोकांचं शूटिंग. सीएसटीवरच्या पत्रकारांनी काढलेले कसाबचे फोटो पुरावा ठरले, कारण काढणारे कोर्टात येऊन साक्ष देऊन गेले. उलट वाहिन्यांच्या थेट प्रक्षेपणावर सुप्रीम कोर्टाच्या २९ ऑगस्ट २०१२च्या कसाब निकालात कडक ताशेरे आहेत, कारण पलीकडे बसलेले सूत्रधार तेच पाहून आतल्यांना सूचना देत होते. तेव्हा व्हिडिओ हाती असेल तर मूळ फोनसह पोलीस ठाण्यात जा आणि जबाब द्या. स्टेटसला टाकू नका. आणि जमिनीवर पडलेली गोळीची पुंगळी उचलून खिशात घालू नका, ती कुठे पडली होती हे पंचनाम्यात यायचं असतं.