केजचा पियानो आणि मिरजेचा तंबोरा
तुमच्या प्रायोगिक संगीतावरच्या लेखात अमेरिकन संगीतकार जॉन केजच्या ‘४ मिनिटे ३३ सेकंद’ या रचनेला फसवणूक ठरवलंय, ते अजिबात पटलं नाही. १९५२ साली ती सादर करायला पियानोवादक डेव्हिड ट्यूडर पियानोसमोर बसला, एकही सूर वाजवला नाही. सभागृहात वारा, छपरावरचा पाऊस आणि लोकांचीच कुजबुज ऐकू आली. श्रोत्याला कान द्यायला लावणं ही फसवणूक कशी?

मी मिरजेचा. सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा गुंजता नाद, लावताना जरा थांबून बघा. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली दोरा सरकवतात, अगदी केसभर मागेपुढे, आणि इतका वेळ ठोक वाजणारी तार एकदम झणझणत उघडते. केजने पियानोच्या तारांमध्ये स्क्रू, बोल्ट अडकवले तेही नादाचा पोत बदलायलाच. मग आपली ती जवारी आणि त्याचा तो गोंगाट, असं का?

अमेरिकन संगीतकार ला माँटे यंग तर किराणा घराण्याच्या पं. प्राणनाथांचा शिष्य. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ जिथे दर्ग्यात गाणं होतं, त्या गावाला त्याचे लांबच लांब सूर परके वाटायचं कारण नाही.

फ्रेंच संगीतकार पिएर शेफरने १९४८ मध्ये रेल्वेच्या आवाजांतून केलेली रचना मात्र लेखात आलीच नाही. तिच्यावर सविस्तर लिहा, ही मनापासून विनंती.