महामारीनंतर भरभराट येते, हा हिशेबच चुकीचा आहे

समाजमाध्यमांवर एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतोय. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच: "महामारी म्हणजे अर्थव्यवस्थेची साफसफाई. काळ्या मृत्यूनंतर युरोपात मजुरी दुप्पट झाली. 1918 च्या फ्लूनंतर भरभराटीचं दशक आलं. 2020 मध्ये जग घरात बसलं होतं तेव्हा शेअर बाजाराने उच्चांक गाठला. थोडे दिवस त्रास होतो, मग सगळेच वर येतात. साथीच्या तयारीवर पैसा घालवण्यात अर्थ नाही." प्रत्येक वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच हा संदेश पटकन पटतो. पण जे गाळलंय, त्यातच खरी गोष्ट आहे.

"काळ्या मृत्यूनंतर मजुरी वाढली." 1347 ते 1351 या काळात युरोपातली निदान एक तृतीयांश माणसं प्लेगने मेली, काही प्रदेशांत निम्मी. हात कमी झाले, मजुरांना भाव आला, इथवर खरं. पण त्याला उत्तर म्हणून इंग्लंडच्या राजाने 1349 मध्ये वटहुकूम काढला: साठीच्या आतल्या, स्वतःची जमीन नसलेल्या प्रत्येकाने प्लेगआधीच्या दराने काम करायचं. 1351 मध्ये त्याचा कायदा झाला. त्यात दर अक्षरशः नेमून दिले होते: गवत कापणाऱ्याला दिवसाला पाच पेनी, कापणीच्या मजुराला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दोन पेनी, दुसऱ्या आठवड्यात तीन. हे दर पाळण्याची शपथ मजुरांना वर्षातून दोनदा घ्यावी लागे. नकार दिला तर पाय खोड्यात अडकवायचे, किंवा थेट तुरुंग. त्यासाठी गावोगावी खोडे बांधायचा हुकूमही त्याच कायद्यात आहे. मजुरी दडपायला राज्य एवढं आटापिटा करत होतं. शिवाय सुरुवातीची बरीच वर्षं धान्याचे भावही चढे होते, त्यामुळे हातात आलेली वाढ बाजारातच संपायची. खऱ्या अर्थाने मजुरांच्या पदरात काही पडलं ते 1370 च्या दशकानंतर, म्हणजे मधे एक अख्खी पिढी गेली. आणि 1381 मध्ये इंग्लंडच्या शेतकऱ्यांनी बंड केलं, ते काही सुबत्तेत लोळत असल्यामुळे नव्हे.

हेही इंग्लंडपुरतं झालं. त्याच प्लेगने इजिप्तलाही झोडपलं. तिथली शेती नाईलच्या कालव्यांवर आणि बांधांवर उभी होती, आणि त्यांचा गाळ दरवर्षी शेकडो हातांनी उपसावा लागे. हात मेले, कालवे बुजले, पीक घटलं आणि मजुरीसुद्धा खाली आली. पूर्व युरोपात माणसं विरळ होती, म्हणजे या संदेशाच्या तर्काने शेतकऱ्याला भाव यायला हवा होता. झालं उलटं: पुढच्या दीड-दोन शतकांत जमीनदारांनी त्याला जमिनीशी आणखी करकचून बांधलं. तोच रोग, तीन प्रदेश, तीन वेगळे परिणाम. मजुराचं काय होणार हे प्लेगने ठरवलं नाही. कायदा कुणाच्या बाजूने आहे, गाव सोडून जाता येतं का, मजुराला मालकाशी घासाघीस करता येते का, यावर ते ठरलं.

महामारीनंतर भरभराट झाली हे दाखवायला "दरडोई वाढ" नावाचा आकडा पुढे केला जातो, आता त्याबद्दल. शंभर माणसांचं गाव हजार पोती धान्य पिकवतं, माणशी दहा पोती. चाळीस माणसं मेली आणि पीक आठशे पोत्यांवर आलं, तर माणशी तेरा पोती होतात. कागदावर हे गाव श्रीमंत झालं! प्रत्यक्षात दोनशे पोती कमी पिकली आणि चाळीस माणसं कायमची गेली. भागाकारात मेलेला माणूस मोजलाच जात नाही. ज्याचं सर्वाधिक नुकसान झालं त्यालाच वगळून काढलेल्या सरासरीला मी तरी प्रगती म्हणणार नाही. त्यातही हे गणित जुळलं तर फक्त अशा जगात, जिथे मुख्य संपत्ती जमीन होती आणि माणूस गेला तरी जमीन मागे उरायची. आजचं उत्पन्न कौशल्यावर, व्यापारावर, एकमेकांच्या मागणीवर चालतं. अनुभवी परिचारिका गेली तर इतरांनी वाटून घ्यावं असं काही मागे राहत नाही, आणि तिच्यासोबत एक ग्राहकही जातो.

"1918 नंतर भरभराटीचं दशक आलं." कुठे आलं? अमेरिकेत, आणि तिथेही आधी 1920-21 ची जबर मंदी होऊन गेली. नंतरच्या तेजीमागे वीज, मोटारगाड्या आणि हप्त्यांवरची खरेदी होती. फोर्डची जुळणी-साखळी तर 1913 मध्येच, फ्लूच्या आधी, सुरू झाली होती. त्याच दशकात जर्मनीत चलनाचा कचरा झाला आणि ब्रिटनमध्ये दहा लाखांहून अधिक लोक वर्षानुवर्षं बेकार होते. याचं खापर मी फ्लूवर फोडणार नाही, मधे महायुद्ध होतं. पण मग अमेरिकेचं श्रेयही फ्लूला देता येत नाही. युद्धाबाहेर राहिलेल्या स्वीडनकडे पाहिलं तर चित्र स्पष्ट होतं: जिथे फ्लूने जास्त माणसं मेली तिथे गरीबगृहांत, म्हणजे निराधारांच्या आश्रयगृहांत, जाणारे वाढले, मजुरी मात्र वाढली नाही. या फ्लूने वीस ते चाळीस वयाची माणसं मोठ्या संख्येने नेली, म्हणजे घरातला कमावता माणूसच. त्या साथीत अमेरिकेत जी मुलं आईच्या पोटात होती, त्यांचं शिक्षण आणि कमाई आगेमागे जन्मलेल्यांपेक्षा कमी राहिल्याचं 1960 ते 1980 च्या जनगणनांमधून दिसलं. साथ ओसरून चाळीस-साठ वर्षं झाली होती तेव्हा!

"2020 मध्ये शेअर बाजार उच्चांकावर गेला." गेला. अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांचा एस अँड पी 500 हा शेअर निर्देशांक 23 मार्चला तळाला होता, ऑगस्टमध्ये त्याने नवा उच्चांक केला. पण त्याचं कारण वेगळं होतं: मध्यवर्ती बँकांनी व्याजदर पाडले, रोखे विकत घेतले, आणि निर्देशांकात वजन असतं ते बड्या कंपन्यांचं. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या हिशेबाने जगात 25.5 कोटी पूर्णवेळ नोकऱ्यांइतके कामाचे तास बुडाले, आणि जागतिक बँकेच्या मते सुमारे 7 कोटी माणसं नव्याने अतिगरिबीत ढकलली गेली. त्यांच्याकडे शेअर नव्हते.

"साफसफाई"चा मुद्दा फार वेळ घेण्यासारखा नाही. साथीत टिकतो तो कार्यक्षम धंदा नव्हे, तर ज्याच्याकडे सहा महिने पुरेल इतकी रोकड आहे तो. चोख चालणारं छोटं दुकान बंद पडतं आणि गाळात गेलेली बडी कंपनी कर्ज काढून तग धरते.

"मग सगळेच वर येतात." शाळा बंद होत्या तेव्हा एका टप्प्यावर जगातल्या सुमारे 160 कोटी विद्यार्थ्यांना त्याचा फटका बसला. ज्यांच्या घरी स्वतंत्र खोली, इंटरनेट आणि शिकवायला मोकळे पालक होते ती मुलं सावरली. ज्यांची शाळा तिथेच सुटली त्यांचं नुकसान अजून पगाराच्या आकड्यांत उतरायचंच आहे.

राहिला तयारीवरच्या खर्चाचा मुद्दा. महामारीमुळे 2024 पर्यंत जगाचं एकूण 13.8 लाख कोटी डॉलरचं उत्पादन बुडेल, असा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा 2022 च्या सुरुवातीचा अंदाज होता. त्याआधी 2021 मध्ये जी-20 ने नेमलेल्या तज्ज्ञगटाने पुढच्या साथीच्या तयारीसाठी जादा आंतरराष्ट्रीय निधी मागितला होता, तो वर्षाला किमान 1,500 कोटी डॉलर. हा खर्च दरवर्षी, न चुकता करत राहिलं, तरी त्या एका नुकसानीइतकी रक्कम व्हायला नऊशेहून जास्त वर्षं लागतील.