नोस, वोस आणि पंखे

कुणी पेटी वाजवतं, कुणी टेरेसवर मिरच्या लावतं. मी भाषा बनवतो. म्हणजे असं, की कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात पोसायडन या समुद्रदेवाची काशाची मूर्ती सापडली. देव एवढ्या लांबून आला, तर मागून चार रोमन पंचगंगेनं नरसोबाच्या वाडीला आणि तिथून कृष्णेनं वर सांगलीला यायला काय हरकत होती? ते इथंच राहिले असते, तर आज आयर्विन पुलावर भडंग खात लोक लॅटिनची कुठली लेक बोलले असते, ते मी वहीत लिहीत असतो.

नामं झाली, क्रियापदं झाली. गाडी अडली ती सर्वनामांच्या अनेकवचनात.

लॅटिनात ‘नोस’ एकच. त्याचंच इटालियनात ‘नोई’, फ्रेंचात ‘नू’. त्यात ‘आम्ही’ही आले आणि ‘आपण’ही. रोमला चालत असेल, सांगलीत कसं चालायचं? “आम्ही गणपतीला निघालोय” आणि “आपण गणपतीला निघालोय” यांत घरी बसायचं की चप्पल घालायची, एवढा फरक आहे.

सुटका स्पॅनिशनं केली. त्यांचं ‘नोसोत्रोस’ म्हणजे नोस अधिक ओत्रोस, ‘आम्ही इतर’. आधी ‘तुम्ही वेगळे, आम्ही वेगळे’ असं ठासून सांगायला वापरायचे, मग झिजून साधं ‘आम्ही’ झालं. मी न झिजलेलं उचललं. नोस म्हणजे आपण, नोसोत्रोस म्हणजे आम्ही. सगळ्या बायकाच असतील तर ‘नोसोत्रास’.

आनंदाच्या भरात हे बायकोला सांगितलं.

“आणि भिशीत एखादा पुरुष येऊन बसला तर?”

“मग सगळ्यांचं मिळून नोसोत्रोस.”

“एका बाप्यासाठी?”

“व्याकरण आहे ते.”

“मग त्याला दारातूनच परत पाठवायचा.”

‘तुम्ही’चं दुखणं वेगळं. लॅटिनचं ‘वोस’ ठीक होतं, पण स्पॅनिश लोकांनी आदरासाठी ‘वुएस्त्रा मेर्सेद’ म्हणजे ‘आपली कृपा’ काढलं. त्याचं घासून ‘उस्तेद’ झालं, अनेकवचन ‘उस्तेदेस’. लॅटिन अमेरिकेत तर अनेकांना सरसकट उस्तेदेसच म्हणतात, अगदी पोरांनासुद्धा. पेरूच्या झाडावर चढलेल्या आमच्या गल्लीतल्या कारट्यांना “आपल्या कृपांनो, खाली उतरा” म्हणायचं माझ्या जिवावर आलं. वोस ठेवलं.

राहिले ‘ते’. इटालियनात ‘लोरो’, लॅटिनच्या ‘इल्लोरुम’वरून आलेलं, त्याचा मूळ अर्थ ‘त्यांचं’. छान आहे. पण आपल्याकडे ‘ते’पेक्षा ‘हे’ महत्त्वाचं. बायको फोनवर “हे घरीच आहेत” म्हणते, तेव्हा सर्वनाम अनेकवचनी आणि नवरा एकच, तोही लुंगीवर. शोधता शोधता सापडलं, लॅटिनात ‘हे लोक’ म्हणजे ‘ही’! लेकींनी ते टाकून दिलंय. मी उचलून नवऱ्यांना राखून ठेवलं. त्या रात्री झोप छान लागली.

रविवारी सकाळी बायकोनं वही उघडली आणि बोट ठेवून वाचलं, “नोस. आपण. म्हणजे दोघंही धरून?”

“दोघंही,” मी अभिमानानं म्हणालो. आजवर माझी भाषा कुणी मोठ्यानं वाचली नव्हती.

“मग आज नोस पंखे पुसायचेत.”

आमच्या घरात ‘आपण पंखे पुसू या’ याचा अर्थ काय होतो, हे मला लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर कळायला हरकत नव्हती. पण या वेळी माझ्याकडे नियम होता. “नोसमध्ये तूही येतेस,” मी बजावलं.

“येते की,” असं म्हणून तिनं फडका माझ्या हातात दिला आणि स्टूल धरलं.