खोट्या फ्लॅशबॅकची उधारी

वाद पेटला तो गाण्यावरून. टपरीवाल्याच्या स्पीकरवर 'झूम बराबर झूम' पिक्चरचं शीर्षकगीत लागलं आणि बंड्यानं कटिंगचा ग्लास कट्ट्यावर आपटून जाहीर केलं, की २००७ साली समीक्षकांनी या पिक्चरला जे धुतलं तो शुद्ध अन्याय होता.

"गाणी शंकर-एहसान-लॉयची, शब्द गुलजारांचे. त्यावर कोण भांडतंय?" शिरीष म्हणाला. तो मालिका एडिट करतो, त्यामुळे पिक्चर त्याला तुकड्यातुकड्यांतच दिसतो. "पिक्चरबद्दल बोल. शाद अलीनं 'साथिया' केला २००२ ला, 'बंटी और बबली' २००५ ला. दोन्ही चालले. तिसऱ्याला यशराजचाच पैसा, 'बंटी'तलाच अभिषेक, तिथलेच संगीतकार, तिथलेच गीतकार. मग माती कुठे खाल्ली?"

"१५ जून २००७. त्याच दिवशी रजनीकांतचा 'शिवाजी' आला," बंड्या म्हणाला.

"म्हणून इथला पब्लिक आला नाही? काहीही हं."

मन्यानं पिक्चर पाहिलेलाच नव्हता, म्हणून मीनलनं गोष्ट सांगितली. मीनल मालिकांचे संवाद लिहिते, चार वाक्यांत उरकते. लंडनचं वॉटरलू स्टेशन. गर्दीत एकाच टेबलावर दोन अनोळखी माणसं: भटिंड्याचा रिक्की ठुकराल म्हणजे अभिषेक, आणि लाहोरकडची अल्वीरा खान म्हणजे प्रीती झिंटा. दोघंही आपापल्या होणाऱ्या जोडीदाराला घ्यायला आलेत, वेळ काढायचा म्हणून आपली लव्हस्टोरी ऐकवतात. त्याची म्हणे पॅरिसच्या रिट्झ हॉटेलात अनैदाशी गाठ पडली, ती लारा दत्ता. हिच्यावर म्हणे मादाम तुसाँमध्ये सुपरमॅनचा मेणाचा पुतळा कोसळत होता, तेव्हा स्टीव्ह सिंगनं वाचवलं, तो बॉबी देओल. आणि नंतर कळतं, की दोघांनीही थापा मारल्या. ना अनैदा, ना स्टीव्ह.

"भारी आहे की!" मन्या म्हणाला.

"कागदावर भारीच आहे. हबीब फैसलनं लिहिलंय, कच्चा माणूस नाही तो. पुढे 'दो दूनी चार' केला त्यानं. पण रोमकॉमचं यंत्र बघ कसं असतं," मीनल म्हणाली आणि बोटांवर मोजायला लागली. "दोघं भेटतात. एकत्र राहण्याचं काहीतरी सक्तीचं कारण लागतं. इथे आहे, गाडी यायचीय. मग मध्ये अडसर लागतो. इथे अडसर कोणता? दोघांचंही ठरलेलं आहे. आणि तोच अडसर खोटा! थाप उघडी पडली रे पडली की दोघंही मोकळे. सांगून टाका आणि जा घरी. पिक्चर तर अजून बराच बाकी. म्हणून दुसरा अडसर उभा करावा लागला. लंडनच्या साउथॉलमधली नाचाची स्पर्धा, तिथे दोघांनी उसने जोडीदार आणायचे. आता मला सांग, खरं बोलले तर त्यांचं काय जाणार आहे? थोडी लाज. बस. एवढ्याशा लाजेवर अख्खा उत्तरार्ध टांगलाय."

बंड्याला हे पटेना. "अगं, रोमकॉममध्ये लाजच असते पणाला. तिथे काय कुणाचा खून व्हायचाय?"

"लाज चालते ना. पण ती वाढत गेली पाहिजे. एक थाप झाकायला दुसरी, दुसरीला तिसरी. 'अशी ही बनवाबनवी' घे."

हे नाव निघालं की कट्ट्यावर सगळ्यांचे चेहरे बदलतात, तसे बदलले. १९८८ चा, सचिनचा. आणि इथे अण्णांनी तोंड उघडलं. अण्णा फिल्म सोसायटीच्या काळातले, शेवटपर्यंत गप्प बसतात आणि मग शिक्का मारतात.

"मीनलचा मुद्दा बरोबर आहे, पण जरा बाजूला गेला," ते म्हणाले. "'बनवाबनवी'त साडी आपल्यासमोर नेसली जाते. सुधीरची सुधा होते, परश्याची पार्वती होते, हे घरमालकीणबाईंना ठाऊक नसतं, आपल्याला असतं. म्हणून दारावर टकटक झाली की आपल्या पोटात गोळा येतो. थापेतली गंमत थापेत नसते, ती कुणाला ठाऊक आहे यात असते. 'झूम'मध्ये थाप आपल्यालाच मारली. आपण त्या अनैदावर, त्या स्टीव्हवर इतका वेळ जीव टाकला, आणि मग सांगतात ते नव्हतंच. ही उधारी प्रेक्षक विसरत नाही. हिचकॉकनं 'स्टेज फ्राइट'मध्ये १९५० साली हेच केलं, सुरुवातीलाच खोटा फ्लॅशबॅक. पुढे फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोशी बोलताना त्यानं स्वतः कबूल केलं, की ते करायला नको होतं."

"अण्णा, तो थ्रिलर होता. तुम्ही दोन गोष्टींची मिसळ करताय," बंड्या म्हणाला. "आणि इथे थापा आहेत हे दिसतंच की! मेणाचा सुपरमॅन अंगावर पडतोय आणि हीरो झेप घेतोय. असं खऱ्या आयुष्यात होतं का?"

"खऱ्या आयुष्यात नाही होत. हिंदी पिक्चरमध्ये रोज होतं," शिरीषनं पकडलं. "खरी गोची तिथेच आहे, बंड्या. अतिशयोक्ती बघून प्रेक्षकानं ओळखायचं की ही थाप आहे. पण ज्या पिक्चरमध्ये अमिताभ दोन दांड्यांची गिटार आणि ठिगळांचा कोट घालून स्टेशनात नाचतोय, तिथे अतिशयोक्ती कशाच्या तुलनेत मोजायची? वॉटरलूसुद्धा तितकंच चकचकीत, पॅरिसही तितकंच, साउथॉलही. रंग तेच, लायटिंग तेच, कटिंगचा वेगही तोच. एडिटला बसलेला माणूस काय करतो? खऱ्या भागाला थंड ठेवतो: शॉट लांब, आवाज स्टेशनचे, अनाउन्समेंट, कपबशी. आणि थापेच्या भागाला रंग चढवतो. मग डोळ्याला आपोआप दोन चवी कळतात. इथे सगळीकडे एकच तिखट."

(यात थोडं तथ्य आहे. बाकी स्टेशन निवडलं झकास. त्या वेळी पॅरिसहून येणारी युरोस्टार रेल्वे वॉटरलूलाच यायची; त्याच वर्षी नोव्हेंबरात ती सेंट पँक्रसला हलली. पॅरिसची थाप मारायला याहून सोयीची जागा लंडनमध्ये नव्हती.)

"आणि खुणा?" मीनल म्हणाली. "थाप मारणाऱ्याची जीभ कुठेतरी घसरली पाहिजे. समजा रिक्कीनं आधी सांगितलं तिचे डोळे हिरवे, आणि दहा मिनिटांनी निळे म्हणाला. अल्वीराची भुवई वर जाते, पण ती बोलत नाही, कारण तीही थापच मारतेय. एक खूण निसटू दे, दुसरी लक्षात राहील. म्हणजे नंतर उलगडा झाला की प्रेक्षक कपाळावर हात मारेल, चिडणार नाही."

"त्याहून सोपा उपाय आहे," शिरीष म्हणाला. "एकाची थाप आपल्याला आधीच सांग. रिक्कीची. दुसरीची झाकून ठेव. मग टेबलावरचं प्रत्येक वाक्य दोनदा कापतं: हा खोटं बोलतोय हे ठाऊक, आणि ती खरी आहे म्हणून बिचारी वाटते. मग तिचंही फुटतं."

"आणि लारा दत्ताचं काय करशील?" बंड्या उसळला. "तुझ्या उपायात पिक्चरमधली सगळ्यात भारी गोष्ट मरते! उसनी जोडीदार म्हणून रिक्की साउथॉलची लैला आणतो आणि तिचा चेहरा अनैदाचा! अल्वीरा आणते तो सत्ती, त्याचा चेहरा स्टीव्हचा! म्हणजे थापा मारताना या दोघांनी कुठून माल आणला? ओळखीतल्याच माणसांचे चेहरे उचलले, त्यांना भारी कपडे घातले, इंग्रजी-फ्रेंच उच्चार चिकटवले. थापाड्या माणूस असंच करतो, घरातलंच सामान वापरतो. लारानं त्या दोन बायका किती वेगळ्या केल्यात! चाल वेगळी, बोली वेगळी. रिक्कीची थाप आधीच फोडलीस, तर लैला दारात उभी राहिल्यावर जो दणका बसतो तो जाईल."

थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. बंड्याकडून इतका नेमका मुद्दा येईल, अशी अपेक्षा कुणाचीच नव्हती.

"हे मान्य," मीनल म्हणाली. "पण म्हणूनच चिडायला होतं. माल होता. टेबलावर अभिषेक-प्रीतीची जुगलबंदी चालते तेवढा वेळ पिक्चर जिवंत आहे. खरी लव्हस्टोरी तिथेच घडतेय, एक टेबल, दोन खुर्च्या. आणि जरा ऊब धरली की आले अमिताभ गिटार घेऊन. तेच शीर्षकगीत, पुन्हा. राहत फतेह अली आणि महालक्ष्मी अय्यरचं 'बोल ना हलके हलके' आठव. ताजमहालापाशी आवाज खाली येतो, तर किती बरं वाटतं."

"नाचाच्या स्पर्धेचं पण बोला," शिरीष म्हणाला. "स्पर्धा दाखवायची तर कोण पुढे, कोण मागे हे प्रेक्षकाला कळायला नको? पूर्ण अंग फ्रेममध्ये ठेवून निदान आठ मात्रा तरी सलग नाचू दे. इकडून पाय, तिकडून चेहरा, मध्ये टाळ्या, असं कापलं की नाच कुणाचाच दिसत नाही. मग जिंकलं कोण, हरलं कोण, सोयरसुतक राहत नाही."

"मग आता इतक्या लोकांना तो आवडायला कसा लागला?" बंड्यानं शेवटचा पत्ता टाकला. "तेव्हा शिव्या घालणारेच आता पुन्हा बघतात."

मन्या कुरकुरला, "मला काय, सगळं फोडलंत तुम्ही. आता बघण्यात काय मजा?"

"उलट आताच बघ," अण्णा म्हणाले. "तुला आता पहिल्या मिनिटापासून ठाऊक आहे की दोघंही खोटं बोलतायत. तुझ्यासाठी तो 'बनवाबनवी' झाला. पुन्हा बघणाऱ्यांना आवडतो तो याचमुळे. उधारी आधीच फिटलेली असते."

शिरीषला हे ऐकून राग आला, कारण पटलं. "मग तिकिटावर छापायचं होतं," तो म्हणाला, "कृपया दुसऱ्यांदा बघायला या."

बंड्या तोवर स्पीकरकडे गेला होता, गाणं परत लावायला.