हार्ड डिस्कमधली पाल

दिवाळीत आईबाबांकडे गेलो की फराळाचं ताट हातात यायच्या आधी कामाची यादी येते. मी आयटीत आहे म्हणजे मला रिमोटपासून गीझरपर्यंत सगळं दुरुस्त करता येतं असा घरचा समज आहे, आणि मी कंपनीत फक्त दुसऱ्यांच्या चुका शोधून एक्सेलमध्ये भरतो हे दहादा सांगून झालंय, काही उपयोग नाही. यंदा बाबा म्हणाले, "अरे, जुना कंप्युटर चालू होत नाहीये. त्यात कुळवृत्तांत आहे."

जुना कंप्युटर म्हणजे 2004 साली असेंबल करून घेतलेला, पेंटियम फोर, 256 एमबी रॅम, 40 जीबीची हार्ड डिस्क आणि वर आईने क्रोशाने विणलेलं कव्हर. त्या 40 जीबीबद्दल बाबांच्या मनात तेव्हापासून सल आहे. पहिल्याच दिवशी माय कंप्युटरमध्ये 37.2 दिसले आणि दुकानदाराने पावणेतीन जीबी मारले हे त्यांनी ठरवून टाकलं. बाबा, डिस्क बनवणारे 1000 ने मोजतात आणि विंडोज 1024 ने मोजतं, हे मी दर दोन वर्षांनी समजावतो. ते शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, "म्हणजे मारलेच की."

बटण दाबलं. पंखा घुरघुरला आणि आतून आवाज यायला लागला. टक्. टक्. टक्. आईने लगेच टेबलावर बोट आपटून "कृष्ण कृष्ण" म्हणलं. म्हणलं आई, पाल नाहीये ती, डिस्कचं हेड आहे, तबकडीवर वाचायला जातंय, सापडत नाही म्हणून परत येतंय. "मग पालच की," आई म्हणाली, "शंका आली ना तुला?"

आली होतीच.

कॅबिनेट उघडलं तर आत धूळ, पालीची दोन रिकामी अंडी (म्हणजे आईचं अगदीच चूक नव्हतं) आणि दर दसऱ्याच्या पूजेतलं हळदकुंकू, झेंडूच्या पाकळ्यांसकट. डिस्क काढली. तोवर बातमी सोसायटीत पसरली होती आणि सल्ले यायला लागले. ऑफिसातला मित्र म्हणाला चेकडिस्क मार, जे मरणाऱ्या डिस्कवर अजिबात मारू नये, कारण ते वाचवायच्या ऐवजी 'दुरुस्ती' करत तिच्यावरच लिहायला लागतं. शेजारच्या काकांनी सांगितलं, दोन टपल्या मार. वरच्या मजल्यावरच्यांनी सांगितलं, फ्रीजरमध्ये ठेव. हे मी फार पूर्वी कुठेतरी वाचलं होतं, पण गार डिस्क बाहेर काढली की आत दव धरतं आणि होतं नव्हतं तेही जातं, म्हणून ठाम नाही म्हणलं आणि झोपलो.

सकाळी टेबलावर डिस्क नव्हती. ती मटारची पिशवी आणि ओल्या नारळाचा चव यांच्या मधे, दुधाच्या दोन पिशव्यांत गुंडाळून, व्यवस्थित रबर लावून झोपली होती. बाबा पेपरमागे. आईचा प्रश्न एकच, "ते शाकाहारी आहे ना?"

मग ती तशीच बंद पिशवीत दीड दिवस बाहेर ठेवली. मधल्या वेळात डेटा रिकव्हरीवाल्याला फोन केला, त्याने सांगितलेल्या आकड्यात बरी सेकंडहँड स्कूटर आली असती. बाबा म्हणाले, "एवढ्यात मी कुळवृत्तांत पुन्हा टाईप करीन. पण माहिती देणारे सगळे गेले रे." हे ते जिलबी वाढून घेताना बोलले, पण त्यानंतर मी निमूटपणे चपला घातल्या.

पुण्यातल्या तपकीर गल्लीत चौथ्या दुकानात आयडीई टू यूएसबी, म्हणजे जुनी डिस्क लॅपटॉपला जोडायची केबल, मिळाली. आधीच्या तिघांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने लोक स्टोव्हची पिन मागणाऱ्याकडे बघतात. या मोठ्या आकाराच्या डिस्कला 12 व्होल्ट लागतात, यूएसबीच्या 5 वर ती ढिम्म हलत नाही, म्हणून वेगळा पॉवर अडाप्टर. शिवाय मागे एक जंपर असतो, दोन पिना जोडणारी तांदळाच्या दाण्याएवढी टोपी, ती मास्टरच्या (मुख्य डिस्क) पिनांवर की स्लेव्हच्या (दुय्यम) यावर सगळं अडतं. आमचा कॉटखाली गेला. तो शोधायला तीन माणसं, एक टॉर्च आणि एक केरसुणी लागली.

शेवटी लिनक्सवरून डीडीरेस्क्यू चालवलं, ते मरणाऱ्या डिस्कची जमेल तेवढी कॉपी काढतं. हा प्रोग्रॅम फार समजूतदार आहे, हुशार मुलगा पेपर सोडवतो तसा आधी सोपं सोडवतो, अडलं की पुढे जातो आणि शेवटी अवघड प्रश्नांवर बसतो, आणि कुठवर आलो याची वहीपण ठेवतो, त्यामुळे गुरुवारी मधेच लाईट गेली तरी पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं नाही. पहिले 39 जीबी एका दुपारच्या झोपेत झाले. उरलेल्याला तीन दिवस. आई येताजाता स्क्रीनकडे बघून विचारायची, "उतार पडला का?"

डिस्कची कॉपी निघाली, पण फायलींची अनुक्रमणिका जिथे असते नेमकी तीच जागा खराब. मग फोटोरेक नावाचा दुसरा प्रोग्रॅम. तो फायली काढतो पण नावं देत नाही, सगळ्यांना नुसते नंबर. हजारो फायली निघाल्या आणि त्यात विंडोज एक्सपीची ती हिरवी टेकडी, एका लग्नाची पत्रिका सहा वेळा, मोबाईलच्या रिंगटोन, आणि 2006 च्या अष्टविनायक यात्रेचा एक फोटो ज्यात वरच्या अर्ध्यात कळस आणि आईचा चेहरा होता, खाली राखाडी पट्टा, आणि त्या पट्ट्यात बाबा. पायरीवर बसले होते म्हणे. आई म्हणाली, "छान आलाय."

आणि मग 31 पानांची एक वर्डची फाईल. उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरं, अर्थ शून्य. बाबांनी ती शिवाजी फॉन्टमध्ये टाईप केली होती, आणि तो फॉन्ट माझ्या लॅपटॉपवर नाही. आत अक्षरं इंग्रजीच असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठी कपडे घालतो. आई वाकून बघत होती. 'आहे' टाईप करायला त्यात कॅपिटल ए, ए, एच, ओ दाबतात, त्यामुळे प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'आहो'. "अहो," आई म्हणाली, "हे काय, पानभर अहो अहो? मी पण आयुष्यात एवढ्यांदा म्हणलं नसेल."

मी नंबरवाल्या फायलींतून फॉन्ट शोधायला लागलो, पण बाबांनी चष्मा लावला, मला बाजूला केलं आणि चक्क वाचायला लागले. एम, ए, कॅपिटल आय म्हणजे 'मी'. मूळ पुरुष, दुसरी पिढी, कोण कुठल्या गावाला गेला, घडाघडा. मी आणि आई बघतच राहिलो. एकतिसाव्या पानावर वाक्य अर्ध्यात तुटलं, पुढे नुसते चौकोन.

"पुढे काय होतं?"

"आमच्या चुलतभावाची शाखा." बाबांनी चष्मा काढला. आवाजात दुःख अजिबात नव्हतं. "कंप्युटरचं दुकान त्यानेच सुचवलेलं. राहू दे, एवढंच सेव्ह कर."